जिन्यातली सावळी

ताई आली ती हिवाळ्याच्या तोंडावर, एका लहान टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून. मागे सामान म्हणावं असं फारसं नव्हतंच. एक पत्र्याची ट्रंक, गुंडाळलेली गादी, भांड्यांचं खोकं, आणि ओल्या गोणपाटात बांधलेली एक लोखंडी बादली. बादलीतून कमरेएवढं झुडूप वर आलं होतं आणि रस्ताभर हेलकावे खाऊन एका अंगाला कललं होतं. ड्रायव्हरने ट्रंकेला हात घातला, तर ताईने त्याला थांबवलं आणि आधी बादली उतरवायला सांगितली. तीसुद्धा बुडाशी धरून, फांदीला हात न लावता.

तिचा धाकटा भाऊ तीन मजले उतरून खाली आला तेव्हा बादली फुटपाथवर होती आणि ताई शेजारी उभी राहून गुडघे चोळत होती. झुडूप ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही. बोटभर लांबीची जाड पानं, वरून गर्द हिरवी, खालून रुपेरी. त्यांच्या लहानपणच्या घरामागे, जिथे अंगण संपून जंगल सुरू व्हायचं, तिथे हे उभं असायचं. त्याचं खरं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सावलीत वाढतं म्हणून सगळे त्याला सावळी म्हणायचे.

"अगं, हिला कशाला उपटलंस?"

"उपटली नाही, खणून काढली. जगली तर जगली," ताई म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढू लागली.

ती प्रत्येक मजल्यावर दम घ्यायला थांबली, आणि तो बादली उराशी धरून तिच्या मागे थांबत राहिला. त्याच्या मनात एकच गोष्ट बसली. बाईने सत्तर वर्षांचं घर सोडलं, कपाट सोडलं, आईचा आरसासुद्धा तिथेच कुणाला तरी देऊन टाकला, आणि आणलं काय, तर हे. म्हणजे तिचा जीव हिच्यात आहे. ही जगलीच पाहिजे.

तो कवळ्या बनवायचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्याची लहानशी खोली होती, आणि तिथल्या टेबलाशी त्याची चाळीस वर्षं गेली होती. माणसांची तोंडं त्याने क्वचितच पाहिली, जबडे मात्र हजारो. प्लास्टरचा साचा हातात आला की हा माणूस कुठल्या बाजूने चावतो, चिडका आहे की शांत, हे तो साच्यावरून सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मेणात दात बसवताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता. इमारतीत सगळे त्याला कवळीवाले काका म्हणत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. साठी उलटलेल्या ह्या माणसाला बारक्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे ताई.

ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. वडील जंगलाचे राखणदार, उजाडायच्या आत बाहेर पडायचे ते अंधार पडल्यावर परत. घर ताईच्या अंगावर पडलं, आणि बारक्याही. तिची शाळा सुटली. पुढे तिला गावच्या डाकघरात टपाल लावायचं काम मिळालं, आणि निवृत्त होईपर्यंत तिने लाकडी खणांत पत्रं टाकली. त्यामुळे माणसं तिच्या लक्षात राहायची ती नावांनी नाही, पत्त्यांनी. 'ते विहिरीजवळचं निळं दार' म्हणजे एक म्हातारे शिक्षक, 'वरची गल्ली, शेवटचं' म्हणजे एक विधवा बाई. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, की माझं स्थळ चुकीच्या खणात पडलं असेल, म्हणायची, आणि विषय संपवायची.

सावळीला त्याने घरातली सगळ्यात चांगली जागा दिली. पुढच्या खोलीतली मोठी खिडकी, जिथे दिवसभर ऊन यायचं. बायकोचं शिवणयंत्र तिथून हलवलं, मातीची मोठी कुंडी आणली, दुकानातली पिशवीतली माती भरली, आणि जुन्या मातीतला कणही राहू नये म्हणून मुळं नळाखाली धुऊन काढली. दातांचा साचा धुतात तशी. ताई खुर्चीत बसून बघत होती. एकदा तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मग त्याने वेळापत्रक आखलं. सकाळी पेलाभर पाणी, संध्याकाळी पेलाभर. खोलीत गारठा नको म्हणून हीटर. पानांवर धूळ नको म्हणून ओल्या फडक्याने पुसणं. पानांच्या खाली चिकटलेले किडीचे बारीक खवले दिसले, तेव्हा त्याने कामावरची मेण कोरायची सुरी घरी आणली, डोळ्याला भिंग लावलं आणि एका रविवारी सगळं झुडूप पान न् पान साफ केलं. ताई म्हणाली, तिचेही दात बसवून टाक आता.

पंधरा दिवसांत खिडकीकडची पानं करपली. महिन्याभरात बाकीची पिवळी पडायला लागली. त्यांतही गंमत अशी, की शिरा हिरव्या राहत आणि मधला भाग पिवळा पडे, जाळी विणल्यासारखा. मग पानं गळू लागली. रोज सकाळी तो फरशीवरची पानं गोळा करायचा आणि ताईला दिसू नयेत म्हणून कागदात गुंडाळून खिशात घालायचा. कामावर गेल्यावर टाकून द्यायचा.

ताईचंही काही खरं नव्हतं. ती कुरकुर करत नव्हती, हीच काळजीची गोष्ट होती. दिवसभर खुर्चीत बसायची, खिडकीतून समोरच्या इमारतीचे मजले मोजायची. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खाऊन उठायची. तीन मजले उतरायचे म्हणजे गुडघ्यांच्या जिवावर यायचं, म्हणून खाली जाणं नाही. ह्या इमारतीत कुणाचा पत्ता काय हेही तिला ठाऊक नव्हतं. झुडूप आणि बहीण एकाच चालीने उतरत चालली आहेत असं त्याला वाटू लागलं, आणि त्याने धसका घेतला.

तो रोपांच्या दुकानात गेला. दुकानवाली बाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून कुंड्या हलवत होती. त्याने पिवळं पान दाखवलं. तिने ते उजेडात धरलं, चोळलं, वास घेतला.

"काका, हे घरात ठेवायचं झाड नाही. हे जंगलातलं आहे."

ते त्याला ठाऊक होतं. पण जगवायचं कसं?

तिने विचारलं, पाणी कुठलं घालता? नळाचं, म्हटल्यावर तिने मान हलवली. चहाच्या किटलीत पांढरा थर साचतो ना, तो चुना ह्याच्या मुळांशी साचतोय. अशा झाडाला पावसाचं पाणी लागतं. आणि आमच्या पिशवीतली माती ह्याला चालायची नाही, जिथून आणलं तिथली कुजलेल्या पानांची माती आणा. बाकी मला माहीत नाही, ती म्हणाली, जाऊन बघा ना ते तिकडे राहतं कसं.

त्याला तिथल्या तिथे शरम वाटली. साच्याशिवाय त्याने आयुष्यात एक दात बसवला नव्हता, आणि इथे तो नुसत्या अंदाजाने हात चालवत होता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने ताईला कामाचं निमित्त सांगितलं आणि बस धरली. चार तासांनी तो गावच्या फाट्यावर उतरला. बावीस वर्षांनी. वडील गेले तेव्हाचा तो शेवटचा येऊन गेला होता, नंतर दरवेळी ताईच त्याच्याकडे यायची. घर नव्या मालकांनी पिवळं रंगवलं होतं, दारावर कुलूप होतं. तो वळसा घालून मागे गेला. जंगल मात्र होतं तसंच अंगणाच्या काठावर येऊन थांबलं होतं. सावळी जिथून खणली होती तो खड्डा पानांनी अर्धा भरला होता, आणि त्याच्या पलीकडे, झाडांच्या खाली, आणखी पाचसहा सावळ्या उभ्या होत्या.

तो एका दगडावर बसला आणि साचा बघतात तसं बघू लागला. त्या मोठ्या झाडांच्या खाली होत्या. दुपार असूनही त्यांच्यावर ऊन नव्हतं, नुसता उजेड होता, तोही तिरपा. हवा इतकी गार की बोटं आखडली. पायाखाली वर्षानुवर्षांची पानं, ओली पण चिखल नाही. हाताने उकरलं तर आत पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि मुळं त्यांच्यात गुंतलेली. हीच माती त्याने नळाखाली धुऊन टाकली होती. कुणी त्यांची पानं पुसत नव्हतं. खवलेही होते, थोडे.

बसल्या बसल्या त्याला घर आठवत गेलं. सकाळी वडिलांच्या बुटांचा लांब जाणारा आवाज. ते जंगलातली एक काडीसुद्धा मोडू द्यायचे नाहीत, म्हणून अंगणातली सावळी तेवढी मुलांची. आणि सगळ्यांत स्पष्ट आठवण ताईची होती. चौदा-पंधरा वर्षांची ताई, मांडीवर ताट, डोक्यावर आणि खांद्यांवर सावळीची पानं, आणि ती हसतेय. ती ह्या झुडपाशीच बसलेली असायची. हे चित्र त्याने शहरात किती वर्षं जवळ बाळगलं होतं. काम शिकायला गेला तेव्हा, पहिल्या भाड्याच्या खोलीत, बायको गेली त्या आठवड्यात.

तेवढ्यात मागून खाकरण्याचा आवाज आला. नवा राखणदार होता, तरुण, हातात काठी. इथे काय करताय, असं त्याने जरा जरबेनेच विचारलं. ह्याने वडिलांची ओळख सांगितली. राखणदाराने त्यांचं नाव ऐकलं होतं, म्हातारा फार कडक होता म्हणतात, तो म्हणाला. जंगलातली माती न्यायची परवानगी नाही, हेही त्याने सांगितलं. पण चौकीमागे अंगण झाडून टाकलेल्या पानांचा जुना ढीग होता, तो कुजून काळा झाला होता. त्यातली हवी तेवढी न्या म्हणाला, आणि गोणी भरायला स्वतः हात लावला.

चार तास मांडीवर गोणी घेऊन तो परतला. ताईने दार उघडलं, गोणी पाहिली, वास घेतला आणि काही न विचारता बाजूला झाली. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आता जागेचा प्रश्न होता. घरात गार, सावलीची, तिरप्या उजेडाची जागा नव्हती. होती ती बाहेर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिथे जिना वळतो. तिथे उत्तरेकडची उंच खिडकी होती आणि तिची एक काच वर्षानुवर्षं फुटकी होती. हिवाळ्यात तिथून जाणारे लोक कॉलर वर करून जात. त्याने सावळीला नव्या मातीत लावलं आणि तिथे नेऊन ठेवलं. गच्चीवरच्या पावसाच्या नळाखाली बरण्या लावल्या, त्यांत पाणी साठवलं. वेळापत्रक फाडून टाकलं. बोट मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नमस्कार करून परत फिरायचं.

इमारतीत कुरबुर झालीच. जिन्यात अडगळ नको, असं कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या असं त्यांचं नेहमीचं ध्यान. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, अडगळ म्हणायची तर आधी ती फुटकी काच बदला, मग झाडाचं बोला. काच बदलायची तर सगळ्यांनी वर्गणी काढायची, म्हणून विषय तिथेच मिटला.

आता रोज माती बघायला कुणी तरी अर्धा मजला उतरायचं. तो कामावर गेला की ताई उतरू लागली. एवढ्या दहा पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत होत्या. परत चढण्याआधी बसायला म्हणून त्याने तिथे एक स्टूल ठेवलं. ताई स्टुलावर बसली की येणारे-जाणारे थांबायचे. हे कुठलं झाड? गावाकडचं. अजून जिवंत आहे का? बघू. हिवाळा संपता संपता ताईला सगळ्या इमारतीचे पत्ते पाठ झाले. 'तळमजला उजवीकडचं' सुनेशी बोलत नाही, 'चौथा, कोपऱ्यातलं' सिगारेट सोडतो म्हणतो आणि गच्चीवर जाऊन ओढतो. शिवणकाकू दुपारचा चहा घेऊन पायरीवर येऊन बसायच्या. संध्याकाळी तो घरी आला की ताई त्याला दिवसभराचं टपाल वाचून दाखवावं तसं सगळं सांगायची.

सावळीची उरली होती ती पानंही त्या हिवाळ्यात निम्मी झाली. त्याने मनावर दगड ठेवून तिला हात लावला नाही. मग उन्हाळ्याच्या आधी एका फांदीच्या टोकाला लालसर, मिटलेलं काहीतरी दिसलं. त्याने डोळ्याला भिंग लावून पाहिलं. पालवी होती. त्या वर्षी अकरा नवी पानं आली. त्याने मोजली होती, पण कुणाला सांगितलं नाही.

दुसरा हिवाळा कडक पडला. आणि थंडी उतरणीला लागली तेव्हा, एका सकाळी दूध आणायला जाताना, त्याला वास आला. आधी वासच आला, मग फुलं दिसली. पानांच्या खाली लपलेली, तांदळाएवढी, पांढरी, उलट्या घंटेसारखी. ओल्या मातीत कुणी कापूर चुरडावा तसा तो वास सगळ्या जिन्यात भरला होता. तो दूधबीध विसरला, परत वर गेला आणि ताईला हाताला धरून खाली घेऊन आला.

ताईने फुलं पाहिली. हसली. मग स्टूल ओढून भिंतीच्या पार कडेला नेलं आणि तिथे बसली.

"जवळ ये ना. वास घे."

"इथवर येतोय की."

तिने शालीचं टोक नाकाशी धरलं होतं. त्याला वाटलं, रडते आहे. पण डोळे कोरडे होते.

"ताई, काय होतंय?"

"काही नाही रे. ह्या वासाने माझं डोकं धरतं. लहानपणापासून." आणि त्याचा चेहरा बघून ती म्हणाली, "फुलं छान आहेत. तू मेहनत खूप घेतलीस."

तो पायरीवर बसला. "मग तू तिच्याखाली बसायचीस कशी?"

"मी कुठे बसायचे? तू बसायचास."

"नाही. मला चांगलं आठवतंय. तुझ्या मांडीवर ताट असायचं. डोक्यावर सगळी पानं."

"ताट तुझं होतं, बारक्या." ताईने शाल खाली घेतली. "आई गेली आणि तू घरात जेवेनास. त्या झुडपाच्या पोटात शिरून बसायचास, कुत्र्याच्या पिल्लासारखा. ओढून काढलं तर ओरडायचास. मग मी ताट घेऊन बाहेर बसायचे, फांद्या बाजूला करून डोकं आत घालायचे आणि तुला भरवायचे. फुलांच्या दिवसांत एक एक घास म्हणजे मला शिक्षा. पण हसले नाही तर तू तोंड उघडायचा नाहीस."

पानांच्या चौकटीतला तो हसरा चेहरा त्याला आताही दिसत होता. तो कुठून दिसत होता, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"मग आणलीस कशाला?" त्याने शेवटी विचारलं. "एवढं सगळं सोडून हीच?"

"तूच तर विचारलंस. घर विकायचं ठरलं तेव्हा तुझा फोन आला. कागदपत्रांचं झालं, ट्रंकेचं झालं, आणि ठेवता ठेवता तू म्हणालास, ताई, सावळी आहे का गं अजून? बाकी घरातलं तू काहीच विचारलं नाहीस. मी म्हटलं, ह्याला तेवढीच हवी असणार. दोन दिवस शेजारच्या माणसाला घेऊन खणत होते."

"मी तुझ्यासाठी विचारलं होतं. तुला ती सोडून येताना वाईट वाटेल म्हणून."

"मला वाईट वाटत होतं ते आरशाचं," ताई म्हणाली. "पण म्हटलं, सावळी आणि आरसा दोन्ही टेम्पोत नीट यायचे नाहीत. आरसा फुटला असता."

आणि मग दोघांनाही हसू आवरेना. ताईला हसता हसता ठसका लागला, डोकं दाबून धरून ती हसत राहिली. शिवणकाकू दार उघडून बाहेर आल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या, आणि दोघांपैकी एकालाही धड सांगता येईना.

ताई वर गेल्यावर तो तिथेच थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तो कुंडीशी उकिडवा बसला आणि त्याने फांद्यांमध्ये डोकं घातलं. आता आत मावण्याएवढा तो राहिला नव्हता, पानं कानांना टोचत होती. त्या वासात त्याला आई आठवली नाही, तिचा चेहरा त्याला कधीच आठवत नसे. आठवला तो एक हात. बारीक, मनगटाशी भाजल्याचा डाग असलेला, पानांतून आत आलेला. घासाला धुराचा वास. भाकरी... नाही, काय होतं ते नाही आठवलं. हात आठवला.

वर जाऊन त्याने ताईला विचारलं, तुझ्या मनगटाला भाजलं होतं का कधी? तिने बाही सारून दाखवलं. चुलीचं होतं, ती म्हणाली, चौदाव्या वर्षी सगळ्याच भाजून घेतात.

आरशाचा त्याने शोध घेतला. ज्या बाईंना तो दिला होता त्या मुलाकडे निघून गेल्या होत्या, आणि आरसा कुठे गेला ते कुणाला सांगता आलं नाही. ताई म्हणाली, जाऊ दे, आता त्यात बघण्यासारखं तरी काय उरलंय.

फुलं बारा दिवस टिकली. तेवढे दिवस ताईला जिन्यात बसणं शक्य नव्हतं, म्हणून शिवणकाकूंनी तिला दुपारी आपल्या खोलीत नेलं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून ताईने बटणं लावायला घेतली. तीस-पस्तीस वर्षं पत्रं खणांत टाकणारी बाई ती, तिने पहिल्याच दिवशी काकूंचा बटणांचा डबा रिकामा केला, आकार आणि रंग लावून लहान लहान खोक्यांत भरला आणि खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. फुलं गळून गेली तरी ती जातच राहिली. काकूंना आता तिच्यावाचून एक बटण सापडत नाही.

तो कामावरून संध्याकाळी घरी येतो तेव्हा घरात कुणी नसतं. सहा वर्षं तो तसाच राहिला होता, पण आता त्याला ते जमत नाही. हातपाय धुतो, वाटेत सावळीच्या मातीत बोट खुपसून बघतो, आणि शिवणकाकूंच्या दाराशी जाऊन उभा राहतो. ताई मान वर न करता म्हणते, आलास, बस. काकूंनी त्याच्यासाठी मशीनपाशी एक खुर्ची रिकामी ठेवायला सुरुवात केली आहे.